सरकारी वकिलाचा कबुलीजबाब

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात ज्या फार्मसीत मी नोकरी करत होते, तिथे काउंटरच्या डाव्या हाताला दोन खुर्च्या ठेवलेल्या होत्या. औषध तयार होईपर्यंत गिऱ्हाइकानं बसावं, अशी त्यामागची कल्पना. बसत कोणी नसे. लोक प्रिस्क्रिप्शन ठेवून शेजारच्या डेअरीत दूध-पाव आणायला जात आणि येताना औषधाची पिशवी उचलत. महिन्यातून एका गुरुवारी येऊन चांगला पाऊण तास बसणारं गिऱ्हाईक एकच होतं. स्वित्झर्लंडमध्ये आयुष्यभर सरकारी वकिली करून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आमच्या घरात त्यांना वकीलसाहेब म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते.

काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा नवऱ्याकडे डॉक्टरकीची पदवी होती आणि माझ्याकडे फार्मसीची. व्हिसा देणाऱ्यांना दोन्ही पदव्या आवडल्या होत्या. इथे उतरल्यावर कळलं, की व्हिसासाठी त्या चालतात, पण कामासाठी इथल्या परीक्षा द्याव्या लागतात. माझी नोंदणी दीड वर्षात झाली. त्याची होईना. एकदा नापास झाला, मग वेलिंग्टनमध्ये टॅक्सी चालवायला लागला. डॅशबोर्डखाली मेडिसिनचा जाडजूड ग्रंथ ठेवायचा आणि टॅक्सीस्टँडवर नंबर येईपर्यंत वाचायचा. विमानतळावर सोडलेल्या प्रवाशांच्या खोकल्याचं निदान तो मनातल्या मनात करत असे, असं तोच सांगायचा. थोडक्यात, घर माझ्या नोंदणीवर चाललं होतं. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही, पुढचं कळायला ते लागेल.

वकीलसाहेब मला आवडत, असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. उंच, ताठ, भर उन्हाळ्यातही कोट आणि टाय. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दुकानात शिरणाऱ्यांकडे ते अशा नजरेनं बघत, की आता यांच्यावर खटलाच भरतील. पण माझं नाव ते पूर्ण आणि नीट उच्चारत. बाकीच्यांनी त्याची दोन अक्षरं शिल्लक ठेवली होती. कुणी आपलं नाव धड घेतलं की माणूस विरघळतो, मीही विरघळले.

त्यांच्या नोकरीच्या हकिकती मी गोळ्या मोजता मोजता ऐकल्या. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे पोलिसांनी आणून दिलेलं प्रकरण कोर्टात मांडणारा माणूस. त्यांच्या कँटनमध्ये, म्हणजे तिकडच्या प्रांतात, तसं नव्हतं. तपास तेच चालवत. आरोपीला समोर बसवून प्रश्न तेच विचारत, उत्तर ऐकून घेत आणि मग कारकुनाकडे वळून ते स्वतःच्या वाक्यांत टाइप करायला सांगत. शेवटी सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पानाखाली आरोपीची सही घ्यायची.

"लोक बोलताना फार गोंधळ घालतात," ते म्हणायचे. "मी तो गोंधळ काढून टाकत असे."

त्यांच्या गावच्या नगराध्यक्षानं कारखान्याची घाण तळ्यात सोडू दिली होती, त्या प्रकरणाची हकिकत ते चवीनं सांगत. नगराध्यक्ष त्यांच्या बायकोचा चुलतभाऊ. वकीलसाहेबांनी त्याला सलग तीन दिवस समोर बसवलं आणि शेवटी त्याच्याकडून चाळीस पानांवर सह्या घेतल्या. निम्म्या गावानं त्यांना नमस्कार करणं सोडलं, सासरच्यांनी नाताळला बोलावणं बंद केलं. "मला नाताळची मेजवानी तशीही जड जायची," हे त्यांचं त्यावरचं म्हणणं. पुढे एका वर्तमानपत्रानं त्यांच्यावर काहीतरी छापलं, त्यांनी त्याच्यावर दावा ठोकला आणि जिंकला. हरलेलं प्रकरण मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते मला त्यांच्या मुलीकडून कळलं.

मुलगी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, जवळच्या शाळेच्या ऑफिसात कामाला. इथल्याच एका सुताराशी तिनं लग्न केलं होतं. आई गेल्यावर वडील तिच्यामागे न्यूझीलंडला आले. तिनं बोलावलं नव्हतं, नको म्हणायला जमलं नाही इतकंच. एकदा त्यांचं औषध न्यायला ती आली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "इथे बसून त्यांनी तुम्हाला नगराध्यक्षाची गोष्ट सांगितली असेल. नर्सची नसेल सांगितली."

मग तिनं सांगितली. एका वृद्धाश्रमात चुकीच्या इंजेक्शननं एक म्हातारी दगावली. संशय परदेशातून आलेल्या एका नर्सवर गेला. तिला तिथली भाषा कामापुरती यायची. वकीलसाहेबांनी तिचा जबाब घेतला. ती अडखळत, रडत, मागेपुढे करत बोलली. कागदावर मात्र सलग, स्वच्छ, एका वाक्यातून दुसरं निघणारा कबुलीजबाब उतरला. वाचून दाखवल्यावर तिनं पानापानावर सही केली. ती वर्षाच्या वर तुरुंगात होती. मग दुसऱ्याच एका नर्सनं पुढे येऊन सांगितलं, की ती सिरिंज आपण भरली होती. खटला पुन्हा चालला, पहिली सुटली. वर्तमानपत्रांनी वकीलसाहेबांचा राजीनामा मागितला. त्यांनी दिला नाही. नियम मोडला नव्हता, त्यामुळे कुणाला तो घेताही आला नाही.

"मी तेव्हा कॉलेजात होते," ती म्हणाली. "घरी जेवताना त्यांना म्हटलं, निदान तिला एक पत्र लिहा. ते म्हणाले, तिनं सही केली होती. आणि सूप संपवलं."

आता माझी चूक. ती लपवण्यात पुष्कळ दिवस गेले, तेव्हा सांगताना तरी आडवळणं घेत नाही.

वकीलसाहेबांना हृदयासाठी डिगॉक्सिन चालू होतं. पूर्वी ते जास्त ताकदीची पांढरी गोळी घेत. किडनी थोडी मंदावली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कमी ताकदीची निळी दिली, म्हणजे जवळजवळ पाव ताकदीची. या औषधात जास्त आणि कमी यांतलं अंतर फार थोडं असतं. फार्मसीत दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एक सोडून एक. औषध भरल्यावर प्रिस्क्रिप्शनवरच्या दोन चौकटींत सह्या करायच्या, एकीत भरणाऱ्यानं आणि दुसरीत तपासणाऱ्यानं. दोन चौकटी म्हणजे दोन माणसं. पण मालक जेवायला गेले की दुकानात फार्मासिस्ट मी एकटीच असे, आणि मग दोन्ही चौकटींत माझीच आद्याक्षरं पडत. सगळीकडे हेच चालायचं, असं मी स्वतःला सांगत असे. खरंही होतं ते.

जुलै महिना, म्हणजे इथला भर हिवाळा, फ्लू जोरात, शाळांना सुट्टी. माझी सात वर्षांची मुलगी मागच्या खोलीत रंगवत बसली होती आणि दर पाच मिनिटांनी तिला काहीतरी हवं होतं. रांग दारापर्यंत गेलेली. मी वकीलसाहेबांची बाटली भरली, दोन्ही चौकटींत सही केली आणि पिशवी पुढे केली. त्यांनी सवयीप्रमाणे बाटली उजेडात धरली.

"या पांढऱ्या आहेत," ते म्हणाले. "मला आता निळ्या असतात."

त्या वर्षी कुठल्या कंपनीच्या गोळ्यांना सरकार पैसे देणार हे सारखं बदलत होतं. परवा गुलाबी असलेली गोळी आज पिवळी यायची आणि आम्ही दिवसातून दहा-दहा म्हाताऱ्यांची समजूत घालायचो. ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं.

"ब्रँड बदललाय," मी मान वर न करता म्हटलं. "औषध तेच. हल्ली बदलतच असतात."

"तुमची खात्री आहे?"

"हो."

"तुम्ही म्हणता म्हणजे ठीक," असं म्हणून ते गेले. जन्मभर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं माझ्या शब्दावर ठेवला, याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मी पुढच्या बाईचं कफ सिरप शोधत होते.

दोन आठवड्यांनी त्यांची मुलगी दुकानात आली. वडील हॉस्पिटलात होते. आठवडाभर जेवत नव्हते, उलट्या चालल्या होत्या आणि पांढऱ्या भिंती पिवळ्या दिसतात म्हणत होते. रक्तात डिगॉक्सिनचं प्रमाण फार वाढलेलं निघालं. माझी नजर फळीवरच्या पांढऱ्या गोळ्यांकडे गेली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्यांनीच घोळ घातला," ती म्हणाली. "कपाटात जुन्या पांढऱ्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या नव्यांत मिसळल्या. स्वतःच सांगितलं डॉक्टरांना. मी घरी जाऊन सगळं कपाट रिकामं केलं, एक बाटली ठेवली नाही."

ती गेल्यावर मी फळीवरच्या गोळ्या मोजल्या आणि रजिस्टरशी ताडून पाहिल्या. पांढऱ्या एका महिन्याच्या कमी भरल्या, निळ्या तेवढ्याच जास्त. शंकेला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. वकीलसाहेब उशीला टेकून बसले होते, टाय नव्हता, त्यामुळे कुणीतरी दुसरेच वाटत होते.

"तुम्ही मला रंगाचं विचारलं होतंत," मी म्हणाले. "मी ब्रँड बदलला म्हणाले. पण—"

"असं कुठे लिहिलेलं आहे?"

"लिहिलेलं नाही. पण तुम्ही विचारलंत. मला आठवतंय."

"मला आठवत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे सरळ बघत म्हणाले. "मी गोळ्या मिसळल्या. इथल्या डॉक्टरला मी ते लिहून दिलं आहे, सहीसकट. प्रकरण मिटलेलं आहे." आणि मग, "तुमच्या यजमानांची परीक्षा नोव्हेंबरात आहे ना?"

ते मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. परदेशातून आलेली बाई, औषधातली चूक आणि म्हातारा माणूस, हे सगळं मला तिथेच दिसलं, त्यांना त्याआधीच दिसलं असणार. पण तसं ते एका शब्दानं बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, हे खरं. घरी येऊन मी पिठलं-भात केला आणि पोटभर जेवले. त्याची लाज मला नंतर वाटली, त्या दिवशी नाही.

नवऱ्याला सगळं सांगितलं.

"ते स्वतः लिहून देतायत, तर तू कशाला हात वर करतेस?" तो म्हणाला. "तुझं रजिस्ट्रेशन गेलं तर आपण काय करायचं? परत जायचं? नोव्हेंबर होऊ दे. माझी एक्झाम झाली की बघू."

"बघू म्हणजे काय?"

"म्हणजे बघू."

सप्टेंबरात वकीलसाहेब बरे होऊन घरी आले होते. आता ते दुकानात येत नव्हते, औषध त्यांची मुलगी नेत होती, आठवड्याचे कप्पे पाडलेल्या डबीत भरून. एकदा तिनं सहज सांगितलं, की त्यांना रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवायचं ठरतंय. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक तपासणी होते, त्यात गोळ्यांच्या घोळाची नोंद त्यांच्याविरुद्ध गेली. स्वयंपाक, अंघोळ, हिशोब, सगळं त्यांना जमत होतं. पण स्वतःची औषधं सांभाळता येत नाहीत असं एकदा कागदावर आलं, की बाकीचं कुणी बघत नाही. घर विकावं लागणार होतं.

"ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. भांडतील असं वाटलं होतं. सही केली."

ते घर मी पाहिलं होतं. टेकडीच्या उतारावर, मागे भाजीचा वाफा, खिडकीत बसलं की खाली गावाकडून येणारी ट्रेन दिसायची. ते ट्रेनच्या वेळा तपासत आणि दोन मिनिटं उशीर झाला असला की गुरुवारी दुकानात येऊन मला सांगत, जणू मीच ड्रायव्हर. त्या घरातून त्यांना उठवायचं ते माझ्यामुळे. यात फिरवून सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी मी आणखी अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी त्यांच्या मुलीच्या घरी गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. फळीवरच्या बाटल्या, दोन चौकटी, पांढऱ्या-निळ्या, आणि ब्रँड बदललाय हे माझं वाक्य.

ती उठली आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. हॉस्पिटलातल्या कागदाची प्रत. वकीलसाहेबांच्या अक्षरात पाच ओळी, एकही खाडाखोड नाही. जुन्या गोळ्या मी नजरचुकीनं नव्यांत मिसळल्या, याला मी एकटा जबाबदार आहे, मी हे वाचून सही करत आहे.

"तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "पण त्यांना वाचवायला येऊ नका. तुम्हाला ठाऊक नाही हा कागद काय आहे ते. हा लिहिल्यावर त्यांनी माझी माफी मागितली. माझा हात धरला आणि म्हणाले, मी चुकलो. माझ्या वडिलांनी! मी चाळीस वर्षं या वाक्याची वाट बघत होते." ती रडत होती आणि हसतही होती. "आता दर रविवारी मी केक घेऊन जाते त्यांच्याकडे. आम्ही बोलतो. आधी आम्ही बोलायचो नाही."

तिचा विश्वास बसला नाही आणि बसावा असं तिला वाटतही नव्हतं. बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा एक विचार आला, की आपण सांगितलं, आता आपली जबाबदारी संपली. तो विचार मला बराच आवडला. दोन-तीन दिवस मी त्याच्यावर काढले.

मग त्या घरापुढे बोर्ड लागला. लिलाव, नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. मी रोज कामावर जाताना तो वाचत होते. फार्मासिस्टांच्या नोंदणी मंडळाला मी स्वतः लिहिलं असतं तर तो कागद खोटा ठरला असता आणि तपासणीही पुन्हा करावी लागली असती. मला हे पक्कं माहीत होतं. नवऱ्याची परीक्षा त्याच महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्यात होती.

"फक्त तीन आठवडे," तो म्हणाला. "मी तुला नको म्हणतच नाहीये. तीन आठवड्यांनी लिही. आत्ता ते लोक चौकशीला आले, तुला सस्पेंड केलं, तर माझं डोकं चालेल का पेपरात?"

"त्याच्या आधीच्या शनिवारी त्यांचं घर जाईल."

"आणि आपलं?"

तो वाईट माणूस नाही. तो दोन वर्षं लोकांच्या बॅगा उचलत होता आणि रात्री हृदयाच्या झडपांची चित्रं काढत होता. मी त्याच्यावर ओरडले, त्यानं दार आपटलं. आमची मुलगी जिन्यावर उभी राहून म्हणाली, "कॅन यू गाइज स्टॉप?" आम्ही थांबलो. आणि मी तीन आठवडे थांबले. पुढे त्याच्या नावावर हे ढकलायचा मोह मला अनेकदा झाला, पण पत्र लिहायला हात माझा होता आणि टपालपेटी आमच्या कोपऱ्यावर होती. लिलावाच्या शनिवारी मी लोअर हटमधून ट्रेन धरून वेलिंग्टनला गेले, म्हणजे त्या रस्त्यानं जावं लागू नये.

घर पहिल्याच फेरीत गेलं. परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंडळाला पत्र टाकलं आणि मालकांना जाऊन सांगितलं. एरवी तो माणूस प्रत्येक गोष्टीला स्वीट ॲज, म्हणजे झकास, म्हणायचा. या वेळी रजिस्टर काढून त्यानं स्वतः मोजणी केली आणि म्हणाला, "जुलैतच यायला हवं होतंस माझ्याकडे." मी त्याला किती थोडं ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं.

नवरा त्या परीक्षेत नापास झाला.

वकीलसाहेबांना भेटायला मी जानेवारीत गेले. रेस्ट होम स्वच्छ होतं, हवेशीर होतं, आणि खिडकीतून पार्किंग दिसत होतं. त्यांनी कोट घातला होता. मी मंडळाला लिहिल्याचं सांगितलं. मला वाटलं होतं, ते रागावतील किंवा बरं केलंत म्हणतील. त्यांनी आधी विचारलं, पत्रात रंगाबद्दल काय लिहिलंय.

"तुम्ही विचारलंत आणि मी चुकीचं उत्तर दिलं, असं."

"ते बरोबर आहे." मग ते पार्किंगकडे वळले. "मला विचारायला हवं होतंत तुम्ही. ते प्रकरण तुमचं एकटीचं नव्हतं. घराचं जाऊ द्या, घर मला फार मोठं होत होतं. पण ती दर रविवारी येते. आता तिला कळेल."

"मी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही."

"तुम्ही सांगितलं होतंत, कागद आला नव्हता. कागदावर ती विश्वास ठेवील. माझीच मुलगी आहे."

मी माफ करा म्हणाले. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. मला तिथून निघावंसं वाटत होतं आणि निघवत नव्हतं. शेवटी चहाची गाडी आली, त्या निमित्तानं मी उठले.

मंडळाचं उत्तर फेब्रुवारीत आलं. लेखी ताकीद, आणि सहा महिने माझी प्रत्येक सही दुसऱ्यानं तपासायची. बस. नोंदणी गेली नाही, नोकरी गेली नाही, एक दिवसाचा खाडाही झाला नाही. ज्या शिक्षेच्या भीतीनं मी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तोंड बंद ठेवलं, ती शिक्षा एवढीच होती. मी ते पत्र वाचून मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि ते सुटकेचं रडणं नव्हतं. मला स्वतःची चीड आली होती.

पत्राची एक प्रत रुग्णाच्या मुलीला गेली होती. ती पुढच्या सोमवारी दुकानात आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पत्र काउंटरवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे ह्याही वेळी त्यांची चूक नव्हती," ती म्हणाली.

"नाही. माझी होती."

"काल मी त्यांच्याकडे गेले नाही. पहिला रविवार चुकला." तिनं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मग त्यांनी माझी माफी मागितली, ती कशाची?"

मला वाटलं, उत्तर आपल्याला माहीत आहे. माझ्याएवढीच, परक्या भाषेत अडखळणारी एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. पण ते बोलायचा अधिकार माझा नव्हता. एकदा चुकीचं उत्तर खात्रीनं देऊन झालं होतं.

"तुम्ही त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

"ते सांगणार नाहीत," ती म्हणाली. "आता तर नाहीच."

मागचा माणूस प्रिस्क्रिप्शन पुढे करत होता. तिनं त्याला जागा दिली आणि बाहेर गेली.